कामाचे पैसे आणि सातबाऱ्यावरचा बोजा

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैलाचा सौदा ठरला तरी इकणारा माणूस लगेच दावं सोडत नाही. पैसे मोजून हातात पडले, की मगच दावं घेणाऱ्याच्या हातात जातं. हा रिवाज कुण्या वकिलानं शिकवलेला नाही. पैसे मिळेपर्यंत वस्तू आपल्या ताब्यात ठेवायची, एवढं साधं शहाणपण त्यात आहे. कायद्यालाही हे शहाणपण मान्य आहे. 1930 सालच्या मालविक्री कायद्यात, उधारी ठरलेली नसेल तर पैसे मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क विकणाऱ्याला दिलेला आहे. कायद्याच्या भाषेत याला धारणाधिकार म्हणतात.

पण विहिरीला दावं नसतं. गोठ्याला, शेततळ्याला, कांदाचाळीला आणि घरालाही नसतं. गुत्तेदारानं दुसऱ्याच्या रानात विहीर खोदली, की ती पहिल्या सुरुंगापासून रानाच्या मालकाची. काम संपलं, यारी उचलली, माणसं गेली, आणि वीस-पंचवीस हजार किंवा लाख-दीड लाख राहिले. मग सुरू होतात हेलपाटे. "कापूस गेल्यावर देतो", "अनुदान पडल्यावर देतो", "पोरीचं लग्न उरकू द्या" असं करता करता दोन वर्षं निघून जातात. शेवटी कुणीतरी गुत्तेदाराला सल्ला देतो, "तलाठ्याकडं अर्ज कर आणि त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढव."

हा सल्ला चुकीचा आहे. तो गावोगाव दिला जातो, त्यावर भांडणं होतात, आणि त्यात मूळ पैसे बाजूला राहतात. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

बोजा कुणाचा चढतो?

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आपण नेहमी पाहतो. त्यामुळं पैसे देणे असले की बोजा चढतो, असा समज झाला आहे. पण सोसायटीचा बोजा नुसत्या येण्यावरून चढत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 48 प्रमाणे सभासद स्वतः जमिनीचं घोषणापत्र लिहून देतो, त्यावरून तो चढतो. बँकेकडंही आपण कागदावर सह्या करून जमीन तारण दिलेली असते. म्हणजे मालकानं रीतसर लिहून दिलेलं असतं, किंवा एखाद्या कायद्यानं तो हक्क स्पष्ट दिलेला असतो.

केलेल्या कामाच्या मजुरीपोटी गवंड्याला, गुत्तेदाराला किंवा बोअरच्या गाडीवाल्याला जमिनीवर बोजा देणारा कायदा आपल्याकडं नाही. परदेशात आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन ही नवी राजधानी बांधायची होती. उधारीवर काम करायला गवंडी-सुतार तयार होत नव्हते. तेव्हा 1791 साली मेरिलँड राज्यानं कायदा करून, बांधणाऱ्याचे पैसे थकले तर त्या इमारतीवरच त्याचा हक्क लावला. पुढं हा कायदा तिथल्या सगळ्या राज्यांत पसरला. आपल्याकडं 1872 चा करार कायदा आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्रजांच्या वळणावर झाले आणि त्यांत ही तरतूद आली नाही. तेव्हा तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गुत्तेदाराच्या अर्जावरून बोजाची नोंद घेत नाहीत याचा अर्थ ते मालकाला सामील आहेत असा होत नाही. नोंद घेण्याचा अधिकारच त्यांना नाही. नोंदणीकृत दस्त किंवा सक्षम अधिकाऱ्याचा वा कोर्टाचा आदेश समोर आला, तरच फेरफार धरता येतो. त्याचीही नोटीस निघते, हरकत घेता येते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात.

आणखी एक गैरसमज आहे. "बाँडवर लिहून घेतलंय, नोटरी केलंय, पैसे नाही दिले तर जमिनीवर बोजा" असे कागद पुष्कळांच्या पेटीत आहेत. नोटरीच्या शिक्क्यानं जमिनीवर बोजा बसत नाही. जमिनीवर हक्क निर्माण करणारा दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो. नोटरीचा कागद पैसे देणे आहे याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. जमिनीवरचा हक्क म्हणून तो उपयोगी पडत नाही. म्हणजे मालकानं उद्या विहिरीसकट रान विकलं, तर केवळ पैसे राहिले म्हणून गुत्तेदाराला ती विक्री अडवता येत नाही. हे कटू आहे, पण काम घेण्याआधीच ते माहीत असलेलं बरं.

ज्याचं दावं हातात आहे त्याचा हक्क

मग आपल्याकडं कामाच्या पैशापोटी वस्तू अडवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही का? आहे. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, दुरुस्तीला किंवा घडवायला दिलेल्या वस्तूवर कारागिरानं मेहनत आणि कसब खर्च केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू तो ठेवून घेऊ शकतो. ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून बसवणारा मेकॅनिक, मोटार भरून देणारा वायंडर, पेरणीयंत्र जोडून देणारा लोहार हे सगळे यात येतात.

पण याला तीन मर्यादा आहेत आणि त्या दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली मर्यादा ताब्याची. वस्तू एकदा परत दिली की हक्क संपला. पंधरा दिवसांनी रस्त्यात ट्रॅक्टर अडवून चावी काढून घेणं हा धारणाधिकार नव्हे, ती दांडगाई झाली.

दुसरी मर्यादा विक्रीची. वस्तू ठेवून घेता येते, पण या हक्कानं ती विकता येत नाही. आपल्या कामाला वापरताही येत नाही. गहाण वस्तूची गोष्ट वेगळी आणि दुरुस्तीला आलेल्या वस्तूची वेगळी.

तिसरी मर्यादा आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. कायद्यानं स्वतःच शिंप्याचं उदाहरण दिलं आहे. शिवून झाल्याबरोबर कोट द्यायचा आणि पैसे तीन महिन्यांनी घ्यायचे असं शिंप्यानं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. हेच आपल्या सुगीच्या उधारीला लागू पडतं. "ट्रॅक्टर आत्ता घेऊन जा, पैसे सोयाबीन निघाल्यावर द्या" असं मेकॅनिकनं एकदा मान्य केलं, की अडवून धरायचा हक्क त्यानं स्वतःच सोडला. उधारी देणं वाईट नाही, शेती उधारीवरच चालते. पण उधारी दिली की वस्तू रोखण्याचा हक्क गेला, हे समजून ती द्यावी.

उखडून नेणं आणि अडकवून ठेवणं

पैसे थकले की काही जण रात्री येऊन गोठ्याचे पत्रे उतरवतात, पाइप उपसून नेतात, मोटारीचा स्टार्टर काढून नेतात. एकदा बसवलेली वस्तू मालकाची होते. ती परस्पर उचलली तर आपलं येणं राहतं बाजूला आणि पोलीस ठाण्यात आपल्याच नावाची फिर्याद पडते. सिमेंट-सळईच्या दुकानदाराचंही तसंच आहे. माल पोचता झाला की दुकानदाराकडं उरते ती पैशाची मागणी. तो माल भिंतीतून परत मागता येत नाही.

मालक मंडळींनीही हीच गोष्ट ऐकून घ्यावी. काम निकृष्ट झालं, किंवा गुत्तेदार अर्ध्यातून गेला, म्हणून त्याची यारी, मिक्सर किंवा सेंट्रिंगच्या प्लेटा गोठ्यात कोंडून ठेवायच्या, हाही हक्क कायद्यानं दिलेला नाही. यारी पुष्कळदा भाड्याची असते. तिचं भाडं रोज चढतं आणि भांडणात तिसराच माणूस भरडला जातो. निकृष्ट कामाचे पैसे कापता येतात, नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी काम किती झालं याचा पंचनामा, फोटो आणि दोन जाणत्यांच्या सह्या कामाला येतात. गोठ्याचं कुलूप कामाला येत नाही.

पैसे मिळवायचे मार्ग

बोजा नाही म्हणजे पैसे बुडाले असं नाही. करार कायद्याच्या कलम 70 प्रमाणे, फुकट करायच्या हेतूनं नव्हे असं कायदेशीर काम एकानं केलं आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. लेखी करार नसला तरीही दावा करता येतो. तो सिद्ध करणं मात्र अवघड जातं.

मुदत तीन वर्षांची. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर काम पूर्ण झालं त्या दिवसापासून ती मोजायची. ही मुदत तोंडी वायद्यांनी वाढत नाही. मुदत संपण्याआधी मालकानं देणं कबूल असल्याचं लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. काही रक्कम दिली आणि तशी नोंद त्याच्या सहीनिशी किंवा अक्षरात असली, तरीही मिळतात. म्हणून दर पाडव्याला हिशेबाच्या वहीत बाकीचा आकडा लिहून सही घ्यायची सवय गुत्तेदारांनी लावून घ्यावी. देणाऱ्यानंही तीत कमीपणा मानू नये.

चेक घेतला असेल आणि तो वटला नाही, तर दिवस मोजावे लागतात. चेक परतल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. यातला एखादा टप्पा चुकला की तक्रार लंगडी पडते.

"दावा लावून जमीन जप्त करून टाकतो" असं बोलणं सोपं आहे. निकालाआधी जप्ती मिळते, पण मालक देणं बुडवण्याच्या हेतूनं मिळकत फुंकायला निघाला आहे असं कोर्टाला पटलं तरच. विनातारण देण्याचं तारणी देणं करून घ्यायला ही तरतूद नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 साली रमण टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या निकालात सांगितलं आहे. निकाल लागल्यावरसुद्धा शेतकऱ्याचं सगळंच जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नं शेतकऱ्याची औतं-अवजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं, बी-बियाणं आणि तो राहतो ते घर जप्तीतून वगळलं आहे. कारागिराची हत्यारंही वगळली आहेत. दोघांचीही पोट भरायची साधनं कायद्यानं राखली आहेत.

म्हणून कोर्टाच्या पायरीआधी समेटाचा रस्ता धरावा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली. जिथं तिची समिती जिवंत आहे तिथं असा तंटा एका बैठकीत मिटू शकतो. तिथं न मिटला तर लोकअदालत आहे. दावा लावण्याआधीसुद्धा तालुका विधी सेवा समितीमार्फत प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. कोर्ट फी लागत नाही. तिथं झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील चालत नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना वकीलही मोफत मिळतो. 15100 या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

नाव कागदावर नसलेला माणूस

सगळ्यात जास्त मार खातो तो पोटगुत्तेदार. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदारानं आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकल्याचं त्याच्या बाजूनं सांगितलं गेलं. शासनाच्या बाजूनं उत्तर आलं, की त्याच्या नावावर कामच नव्हतं, तो पोटठेकेदार असावा. कुणाचं किती चुकलं याचा निवाडा इथं करायचा नाही. पण कष्ट एकाचे आणि कागद दुसऱ्याच्या नावाचा असला की काय होतं, हे त्यातून साऱ्या महाराष्ट्राला दिसलं.

आपल्या गावातही हेच घडतं, फक्त आकडा लहान असतो. ग्रामपंचायतीच्या कामात नाव एकाचं, काम दुसऱ्याचं आणि मजूर तिसऱ्याचे. अनुदानाच्या विहिरीत पैसे लाभार्थ्याच्या खात्यावर येतात आणि गुत्तेदार मोजमाप कधी होईल याची वाट बघत बसतो. "अनुदान आलं की देतो" हा वायदा कागदावर नसेल, तर त्या अनुदानावर गुत्तेदाराला बोट ठेवता येत नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि तांत्रिक सहायकांना विनंती आहे. काम झाकलं जाण्याआधी मोजमाप घ्या आणि मोजमाप पुस्तिकेत वेळेवर चढवा. तुमच्या टेबलावर पडून राहिलेला एक महिना खाली तीन घरांच्या चुलीवर पडतो.

छावणी परिषदेच्या हद्दीत काम घेणाऱ्या गवंड्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. तिथं बांधकामाला परिषदेची मंजुरी लागते. ती हातात नसताना काम उरकून टाकलं, तर काम पाडलं जायची भीती असते, आणि बेकायदा कामाच्या पैशासाठी कोर्टात उभं राहणंही अवघड होतं. मंजुरीची प्रत बघावी, मगच पाया आखावा.

एक पान कागद

आता मुद्द्याची गोष्ट. जिथं दावं हातात धरता येत नाही, तिथं कागद धरावा लागतो आणि तो कामाआधी धरावा लागतो. मोठा मसुदा नको, एक पान पुरे. त्यात दोघांची पूर्ण नावं, गट नंबर, आणि काम काय ते मापासकट लिहावं. विहीर असेल तर व्यास किती, खोली किती परस, बांधकाम किती फूट, कातळ लागला तर दर काय, साहित्य कुणाचं आणि काम कधी पुरं करायचं. नुसतं "विहिरीचं काम उक्तं" असं लिहिलं की भांडणाचं बी पेरलंच म्हणून समजा. दोन साक्षीदार असावेत. त्यातला एक मालकाकडचा आणि एक गुत्तेदाराकडचा. पूर्वी शंभराच्या बाँडवर भागत असे. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला. आपल्या कामाला किती लागेल ते मुद्रांक विक्रेत्याकडं विचारून घ्यावं. लाखाच्या कामात तेवढा खर्च जड नाही.

पैसे टप्प्यानं ठरवावेत. समजा 3 लाखांचं काम आहे. इसार 30 हजार, निम्मी खोदाई झाल्यावर 75 हजार, खोदाई पुरी झाल्यावर 75 हजार, बांधकाम उरकल्यावर 90 हजार, आणि उरलेले 30 हजार एक पावसाळा निभावल्यावर. आकडे आपल्या सोयीनं बदला, पण तत्त्व बदलू नका. काम आणि पैसा यांच्यात एका टप्प्यापेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. मालकानं सगळे पैसे आधी दिले तर गुत्तेदार दुसऱ्या गावाला निघून जातो. गुत्तेदारानं सगळं काम आधी केलं तर मालक निवांत होतो. यात माणूस वाईट असावाच लागत नाही, अडचण दोघांनाही असते. टप्पा चुकला तर काम थांबवायचा हक्क गुत्तेदाराला राहील, हेही कागदावर लिहावं. दावं हातात नसलेल्या माणसाला तेवढाच लगाम असतो.

मालकानं प्रत्येक टप्प्याला पावती घ्यावी आणि शेवटी फारकत लिहून घ्यावी. अमुक कामाचे सगळे पैसे पोचले, मजुरांचं आणि दुकानदाराचं देणं गुत्तेदारानं भागवलं, आता काही येणं नाही, अशी. अमेरिकेत मुख्य ठेकेदाराला पुरे पैसे देऊनही पोटठेकेदार घरावर हक्क सांगू शकतो, म्हणून तिथला मालक प्रत्येक हप्त्याला अशी फारकत मागतो. आपल्याकडं तो धोका नाही. पण पत्र्याचा दुकानदार दारात आला, तर फारकतीचा कागद दाखवायला बरा.

मोठ्या कामात तारण खरोखरच द्यायचं-घ्यायचं असेल, तर दुय्यम निबंधकाकडं रीतसर गहाणखत नोंदवावं. त्यावरून 'इतर हक्क' रकान्यात खरी नोंद होते. मात्र मजुरीपोटी खरेदीखत करून देणं कधीही पत्करू नये. "नुसतं नावाला करतो, पैसे दिले की फिरवून देतो" या शब्दावर जमिनी गेल्या आहेत.

बांधणाऱ्याला हक्क देणारा कायदा आपल्याकडंही असावा का, याचा विचार विधिमंडळानं जरूर करावा. लहान गुत्तेदाराला आज कसलाच आधार नाही, ही गोष्ट खरी आहे. पण असा कायदा करताना अडीच एकरवाल्याचा सातबारा लहानसहान येण्यासाठी अडकून पीककर्ज बंद पडू नये, हेही पाहावं लागेल. तोवर आपल्या हाती आहे तेवढं आपण करू या. दिवाळीनंतर विहिरींची कामं निघतील, यारीवाले गावात येतील. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याआधीच्या ग्रामसभेत हा एक पानाचा नमुना वाचून दाखवावा आणि त्याच्या प्रती कार्यालयात ठेवाव्यात. यासाठी शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.